रुमालाखालचा भाव

जनावरांच्या बाजारात बैलाचा सौदा होताना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ती जुनी रीत ठाऊक आहे. घेणारा आणि दलाल समोरासमोर उभे राहतात, हातांवर उपरणं नाहीतर रुमाल टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरतो. तोंडानं गप्पा पावसाच्या, पोरीच्या लग्नाच्या. आकडा मात्र कापडाखाली. भोवतीच्या गर्दीला तो कळू नये म्हणून ही सोय. पण मुरलेला शेतकरी आणखी एक रुमाल बाळगतो, तो कुणाला दिसत नाही. ज्या बैलावर त्याचं मन बसलं आहे त्याच्याकडे तो फारसा बघतच नाही. शेजारच्या बैलाचे दात मोजतो, तिसऱ्याच्या खुरांना नावं ठेवतो, चहा पिऊन येतो आणि मग जाता जाता सहज विचारल्यासारखं, "आणि ह्याचं काय म्हणता?"

लक्ष्मी रोडवर साडी घेताना माझी आईही हेच करायची. मनात भरलेली साडी ती ढिगाच्या तळाशी सरकवायची आणि नको असलेल्या तीन साड्यांवर पंधरा मिनिटं चर्चा करायची. आम्हा मुलांना घरून निघतानाच ताकीद असे, दुकानात कशालाही "किती छान!" म्हणायचं नाही. गरजवंताला अक्कल नसते ही म्हण आपण गरजवंताला हिणवायला वापरतो. बाजारात ती उलटी वाचायची असते. गरज दिसू न देणं ही गिऱ्हाइकाची अक्कल, आणि बहुतेक वेळा त्याच्या हातातलं एकमेव हत्यार.

हे हत्यार हल्ली आपण दुकानाच्या दारातच काढून ठेवतो आणि मग आत शिरतो, तेही नकळत. कंपन्यांना माल विकणाऱ्या कंपन्यांच्या जगात याला 'बायर इंटेंट सिग्नल' म्हणतात. मी त्याला चाहूल म्हणेन, कारण शब्द नेमका आहे: कुणीतरी येतंय एवढं कळतं, कोण आणि कशाला ते कळतंच असं नाही. तुम्ही एखाद्या यंत्राच्या किमतीचं पान उघडलंत, माहितीपत्रक उतरवून घेतलंत, दोन दिवसांनी पुन्हा आलात, तर त्याची नोंद होते. तुम्ही नाव सांगितलेलं नसलं तरी ऑफिसच्या इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून कंपनीचं नाव बऱ्याचदा काढता येतं. त्याहून पुढची पायरी म्हणजे दुसऱ्यांच्या अंगणातली चाहूल विकत घेणं. न्यू यॉर्कची बॉम्बोरा ही कंपनी व्यावसायिक मजकूर छापणाऱ्या अनेक संकेतस्थळांवरचं वाचन गोळा करते आणि कुठल्या कंपनीतले लोक कुठल्या विषयावर नेहमीपेक्षा जास्त वाचू लागले आहेत, याची माहिती विकते. या सगळ्या खुणांना सॉफ्टवेअर गुण देतं. गुण ठरावीक आकड्यापुढे गेले की निरोप सुटतो: ईमेल, व्हॉट्सॲप, नाहीतर सेल्समनच्या पडद्यावर 'आत्ता फोन करा' अशी सूचना. अलीकडे तो निरोप लिहितंही यंत्रच.

आणि या सगळ्याच्या शेपटाला एक दिलासा जोडलेला असतो: अंतिम मंजुरी माणसाचीच. हे वाक्य मी इतक्या सादरीकरणांत ऐकलं आहे की आता ते ऐकू येताच मला मंगलाष्टकातलं 'सावधान' आठवतं. सगळे म्हणतात, आणि त्या क्षणी कुणीही सावध नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की माणूस ठेवताय ते बरं करताय, पण चुकीच्या जागी बसवताय. रांगेच्या शेवटी शिक्का मारायला बसवलेला माणूस काही राखत नाही. त्याला रांगेच्या सुरुवातीला बसवायला हवं, जिथे 'काय बोलायचं' हा प्रश्न अजून आलेलाच नसतो आणि 'मुळात बोलायचं का' एवढंच ठरायचं असतं.

आधी यंत्राची बाजू सांगतो, कारण ती खरी आहे आणि ज्यांनी धंदा केलेला नाही ते तिला फार लवकर नाक मुरडतात. माझा एक शाळूसोबती भोसरीच्या एमआयडीसीत एअर कॉम्प्रेसर बनवतो. कामगार, ऑफिस, सगळे धरून वीसच्या आत माणसं. त्याच्याकडे येणाऱ्या निम्म्या एन्क्वायऱ्या संध्याकाळी सातनंतरच्या, कारण छोटा कारखानदार दिवसा मशीनवर असतो आणि रात्री जेवून मोबाईल हातात घेतो. जालन्याहून कुणी रोमन लिपीतल्या मराठीत विचारतो, पाच एचपीचा रेट काय, जीएसटी धरून का. पूर्वी त्याला उत्तर दुसऱ्या दिवशी अकराला जायचं, तेही इंग्रजी पीडीएफ. तोवर त्याने अहमदाबादच्या माणसाशी बोलणं उरकलेलं असायचं. आता मित्राच्या यंत्राकडून अर्ध्या मिनिटात मराठीत रेट जातो, वाहतूक वेगळी हेही सांगितलं जातं आणि सोबत प्रश्न येतो, टाकी किती लिटरची हवी? मोठ्या कंपनीकडे रात्रपाळीचं कॉल सेंटर असतं. वीस माणसांच्या कारखान्याला ते या यंत्राने मिळवून दिलं. यात हळहळण्यासारखं काही नाही. माणसाच्या हातची सेवा ही आपोआप ऊबदार असते, असं म्हणणाऱ्याने पुण्यात दुपारी एक ते चारच्या दरम्यान खरेदीला जाऊन पाहावं.

वेगाच्या बाजूने आकडेही आहेत. २०११च्या मार्चमध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत एक छोटा लेख आला, त्याचे आकडे आजही प्रत्येक सेल्स ट्रेनिंगमध्ये फिरतात. २,२४१ अमेरिकी कंपन्यांकडे संकेतस्थळावरून चौकशी पाठवून उत्तर कधी येतं ते मोजलं होतं. तासाभरात उत्तर दिलं ३७ टक्क्यांनी. २३ टक्क्यांनी दिलंच नाही. महिन्याभराच्या आत ज्यांनी दिलं, त्यांची सरासरी ४२ तासांची. दुसऱ्या एका पाहणीत असं दिसलं की चौकशी आल्यापासून तासाच्या आत संपर्क साधणाऱ्यांचं निर्णय घेणाऱ्या माणसाशी नीट बोलणं होण्याची शक्यता, त्यानंतर तासभराने साधणाऱ्यांच्या जवळजवळ सातपट असते. चोवीस तास थांबणाऱ्यांच्या साठपटींहून जास्त. लेखाच्या तीन लेखकांपैकी एक जण सेल्सचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा प्रमुख होता, हे आकडे फेकताना कुणी सांगत नाही. तरी आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. ते कुणाचे आहेत, एवढंच विचारतो.

ते विचारणाऱ्यांचे आहेत. ज्यांनी स्वतःहून फॉर्म भरला, आपलं नाव, आपला नंबर दिला आणि उत्तराची वाट पाहत बसले, अशा माणसांचे. चाहूल देणारा माणूस विचारत नसतो, तो बघत असतो. दुकानात शिरून "हा प्रेशर कुकर केवढ्याला?" म्हणणारा आणि काचेपाशी थांबून पुढे जाणारा, या दोघांत फरक करायला आपल्याला अर्थशास्त्र लागत नाही. पहिल्याला ताटकळत ठेवणं हा उद्धटपणा. दुसऱ्याच्या मागे रस्त्यावर धावत जाऊन "साहेब, तुम्ही कुकर बघत होतात ना" म्हणणं हाही उद्धटपणाच. इंटेंट सिग्नलचा सगळा बाजार या दोघांना एकाच रांगेत उभं करण्यावर उभा आहे. सातपटीचा आकडा पहिल्याचा, आणि तो दाखवून सॉफ्टवेअर विकलं जातं दुसऱ्यासाठी.

गंमत अशी की व्हॉट्सॲपला हा फरक कळलेला आहे. कंपन्यांसाठीच्या त्यांच्या सेवेत नियम असा, की गिऱ्हाइकाने आधी निरोप पाठवला तर पुढचे चोवीस तास कंपनी मोकळेपणी बोलू शकते. ती मुदत संपली की फक्त आधी मंजूर करून घेतलेले साचेबंद निरोप चालतात. हेतू अर्थातच धंद्याचा आहे, लोक वैतागून ॲपच काढून टाकतील ही भीती. पण विचारलेल्याला मोकळीक आणि न विचारलेल्याला लगाम ही रेघ त्यांनी यंत्राच्या आतच आखली.

आता मित्राच्या कारखान्यात काय झालं ते. मुलगा एमबीए करून आला, उत्साही आहे, हुशारही आहे. त्याने आलेल्या चौकशीला उत्तर देण्यावर न थांबता चाहुलीवर निरोप पाठवण्याची व्यवस्था बसवली. यंत्र रात्रभर मसुदे तयार करायचं, सकाळी तो ते नजरेखालून घालून सोडायचा. माणसाची देखरेख, अगदी नियमाप्रमाणे. गेल्या बेदाण्याच्या हंगामात तासगावच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने रात्री अकरानंतर त्यांच्या संकेतस्थळावर एकाच मॉडेलचं पान चार वेळा उघडलं. मग सुट्या भागांच्या किमती, मग वॉरंटीचं पान, मग पुन्हा मॉडेल. यंत्राच्या हिशेबात याहून पक्कं गिऱ्हाईक नसतं. गुण भराभर चढले. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी निरोप गेला: या आठवड्यापुरती नव्या मॉडेलवर खास सवलत, सोबत हसरा चेहरा.

बेदाण्याची प्रतवारी करणारी सॉर्टिंगची मशीन हवेच्या दाबावर चालतात. खराब मणी हवेच्या फटकाऱ्याने बाजूला उडवला जातो. कॉम्प्रेसर बसला की सगळी रांग बसते. त्या गृहस्थांचा कॉम्प्रेसर रात्री साडेदहाला बंद पडला होता, शेडमध्ये माल पडून होता, बायका सकाळी कामावर यायच्या होत्या आणि ते हातात मोबाईल घेऊन वॉरंटी उरली आहे का हे शोधत होते. त्यांनी तो निरोप माझ्या मित्राला जसाच्या तसा पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं: "मशीन बंद पडून आठ तास झाले. तुमची दिवाळी चालू आहे."

मित्राने मुलाला बोलावलं. मुलगा खजील झाला, पण त्याचा बचाव चुकीचा नव्हता. त्या सकाळी त्याच्यापुढे १४० मसुदे होते आणि ते त्याने पंचवीस मिनिटांत मंजूर केले होते. म्हणजे एकाला अकरा सेकंद. मसुद्यात चूक कुठेच नव्हती. व्याकरण बरोबर, मॉडेलचं नाव बरोबर, सवलतीचा आकडा बरोबर. जी चूक होती ती मसुद्यात नव्हतीच, ती त्या मसुद्याच्या असण्यात होती. अकरा सेकंदांत मसुदा तपासता येतो. तो का लिहिला गेला हे तपासता येत नाही.

मुलाला आळशी ठरवून हा प्रश्न मिटत नाही, आणि तो नवाही नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या रडारवर बसलेल्या माणसांच्या नजरेतून पडद्यावरच्या खुणा निसटत होत्या. त्याचा शोध घेताना नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने एक साधं घड्याळ बनवलं. त्याचा काटा ठेका धरून पुढे सरकायचा आणि क्वचित कधीतरी दुप्पट उडी मारायचा. बसणाऱ्याने ती उडी पकडायची. १९४८ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात दिसलं की पहिल्या अर्ध्या तासातच माणसाची पकड ढिली होते. हे सैनिक होते, प्रशिक्षित होते आणि त्यांच्या कामाशी जिवाची गाठ होती. आपण सकाळच्या चहाबरोबर १४० ईमेल वाचणाऱ्या पोराकडून त्याहून जास्त अपेक्षा करतो.

१९८३ मध्ये लिझॅन बेनब्रिज या ब्रिटिश विदुषीने 'स्वयंचलनातले उपरोध' अशा अर्थाच्या मथळ्याचा एक निबंध लिहिला. तिचं लक्ष रासायनिक कारखाने आणि विमानांकडे होतं, पण तिचं म्हणणं सेल्सच्या टेबलाला तंतोतंत लागू पडतं. सोपं काम यंत्राकडे गेलं की माणसाकडे उरतं ते फक्त अवघड काम, आणि ते करायला लागणारा सराव तर त्या सोप्या कामातूनच मिळत होता. जो मुलगा कधी दहा गिऱ्हाइकांशी स्वतः बोललाच नाही, त्याला अकराव्याच्या वागण्यात काहीतरी खटकतंय हे कसं कळावं? कारखान्यात सर्व्हिसचं काम बघणारे एक जुने काका आहेत. ती यादी त्यांच्यापुढे धरली असती तर तासगाव आणि हा महिना एवढं वाचूनच ते म्हणाले असते, अरे, ह्याचं काहीतरी बिघडलंय, फोन लावा. काकांकडे गुण मोजायचं सूत्र नाही. हंगाम कधी सुरू होतो आणि रात्री अकराला कॉम्प्रेसरची वॉरंटी कोण शोधतं, हे त्यांना माहीत आहे.

मग देखरेखीची जागा कुठली? मला याचं उत्तर सेल्सच्या पुस्तकांपेक्षा मागावर सापडतं. जपानच्या साकिची तोयोदांनी १९२४ साली पूर्ण केलेल्या स्वयंचलित मागाची कीर्ती वेगासाठी झाली, पण त्याचा खरा गुण थांबण्यात होता. उभ्या ताण्यातला एक धागा तुटला की माग आपला आपण थांबायचा. त्यामुळे कामगाराला मागाकडे टक लावून बसावं लागत नसे. एक माणूस अनेक माग सांभाळू शकत असे आणि थांबलेल्या मागापाशीच जात असे. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी त्याचे हक्क घेतले आणि पुढे तोयोदा घराण्याने मोटारी बनवायला घेतल्यावर हीच कल्पना 'जिदोका' या नावाने कारखानाभर पसरली. हा शब्द लिहिताना टोयोटाने एक गंमत केली आहे. स्वयंचलन या अर्थाच्या नेहमीच्या शब्दात जे चित्राक्षर येतं, त्याऐवजी त्याच उच्चाराचं, पण 'माणूस' ही खूण जोडलेलं अक्षर त्यांनी घातलं. इचलकरंजीत किंवा मालेगावात साध्या मागावर उभं राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. तिथे सूत तुटलेलं नजरेनेच पकडायचं असतं आणि नजर चुकली की वारभर कापड बिघडतं.

सेल्सच्या यंत्राला हे थांबणं शिकवलेलं नसतं. त्याला शिकवलेलं असतं ते फक्त सुटणं: गुण इतके झाले की निरोप सोड. धागा तुटल्याच्या खुणा तितक्याच सहज सांगता येतील. हा माणूस आधीपासूनचं गिऱ्हाईक आहे, तर थांब. याची एखादी तक्रार उघडी आहे, तर थांब. वॉरंटीचं पान पाहिलं, थांब. रात्री पाहिलं, थांब. गेल्या दोन निरोपांना उत्तर आलेलं नाही, तर कायमचा थांब. अशा थांबलेल्या गोष्टी दिवसाला पाच-सहा निघतील, आणि पाच-सहा गोष्टींचा विचार माणूस करू शकतो. त्याला अकरा सेकंदांऐवजी दहा मिनिटं मिळतात. उरलेल्या, म्हणजे ज्यांनी थेट भाव विचारला आहे, त्यांना यंत्राने खुशाल उत्तर द्यावं. तिथे दरपत्रक ठरलेलं आहे आणि माणसाने मध्ये पडून फक्त उशीर होईल. आज बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं चालतं. विचारलेल्याचं कोटेशन साहेबांच्या सहीसाठी तीन दिवस अडतं आणि न विचारलेल्याला पहाटे सवलत पोचते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो ऐकून घ्यावा असा आहे. प्रत्येक 'थांब' म्हणजे गेलेला धंदा. काचेपाशी थांबलेल्या दहा जणांपैकी एक जरी हाक मारल्यावर आत आला, तर हाक मारण्यात गेलं काय? निरोपाला पैसे पडत नाहीत.

नेमकं तिथेच पाणी मुरतं. निरोपाला पैसे पडायचे तेव्हा सबुरीसाठी वेगळी व्यवस्था लागत नव्हती. एसटीने नमुन्यांची बॅग घेऊन फिरणारा विक्रेता कोल्हापूरहून गारगोटीला जाताना दहादा विचार करायचा, तिथे खरंच काही आहे का. तिकीट, दिवस, पायपीट हाच त्याचा लगाम होता. त्याच्या सभ्यपणाचं श्रेय आपण त्याच्या स्वभावाला देतो. बरंचसं श्रेय एसटीच्या भाड्याला द्यायला हवं. यंत्राने भाडं शून्यावर आणलं आणि त्यासरशी लगामही गळून पडला. आता तो मुद्दाम, हाताने घालावा लागतो, आणि जो घालेल त्याला महिन्याच्या अहवालात कमी निरोप पाठवल्याचा जाब द्यावा लागतो. म्हणून मंजुरी देणाऱ्याचा पगार किंवा इन्सेंटिव्ह निरोपांच्या संख्येला बांधलेला असेल, तर त्याला देखरेख म्हणू नये. तो मापाडीच आडत्याकडून प्रत्येक पोत्यामागे पैसे घेतो आहे.

कायदा या बाबतीत गेल्या काही वर्षांत जागा झाला आहे. ट्रायचे २०१८चे नियम नको असलेल्या व्यापारी फोन-संदेशांसाठी आहेत. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि निःसंदिग्ध असावी असं म्हटलं आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'चे तेरा प्रकार सांगितले, त्यांत खोटी घाई लावणं आहे आणि सतत पिच्छा पुरवणंही आहे. 'या आठवड्यापुरती सवलत' हे वाक्य यंत्र दर आठवड्याला लिहीत असेल, तर ते कुठे बसतं हे वेगळं सांगायला नको. पण कंपनीने कंपनीचा माग काढायचा आणि माणसाचं नाव न घेता फक्त ऑफिसचा पत्ता ओळखायचा, या प्रकाराला हे कायदे ओझरता स्पर्श करतात. तिथे धंद्याची स्वतःची लाजलज्जाच काय ती कामाला येते.

यंत्र बोललं तर बोललं कोण, हा प्रश्न मात्र एका न्यायाधिकरणाने फार सरळ सोडवला. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं की नातलगाच्या मृत्यूनिमित्त मिळणारी सवलत प्रवासानंतरही मागता येईल. कंपनीचं धोरण तसं नव्हतं. वाद ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणापुढे गेला तेव्हा चॅटबॉट हा आपल्या बोलण्याला स्वतःच जबाबदार असल्यासारखा पवित्रा कंपनीने घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला गेला आणि कंपनीला एकूण सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यावे लागले. रक्कम किरकोळ. पण त्यातून निघणारी गोष्ट देखरेखीच्या शेपटालाही लागू होते. तासगावच्या निरोपाखाली मुलाच्या मंजुरीची नोंद होती म्हणून दोष त्याचा, असं म्हणणं हे चॅटबॉटवर ढकलण्यासारखंच आहे, फक्त दुसऱ्या दिशेने. ज्याला थांबवायला वेळ दिला नाही, माहिती दिली नाही आणि थांबवल्याबद्दल बोलणी बसली असती, त्याला शेवटी सही करायला लावणं म्हणजे बळीचा बकरा आधीच नेमून ठेवणं.

चाहुलीच्या या धंद्यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी घटना मात्र चुकलेल्या अंदाजाची नाही. ती फार बरोबर निघालेल्या अंदाजाची आहे. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीने खरेदीच्या नोंदींवरून कुठली गिऱ्हाईक बाई गरोदर असावी याचा अंदाज बांधायला सुरुवात केली होती. बिनवासाचं लोशन, कॅल्शियम-झिंकच्या गोळ्या अशा पंचवीसेक वस्तूंवरून गुण काढले जात. २०१२ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सच्या मासिकात चार्ल्स डुहिगने हे सविस्तर लिहिलं. त्यात लक्षात राहतं ते पुढचं. बायांना हे कळलं तर त्या बिथरतात हे कंपनीच्या ध्यानात आलं, तेव्हा तिने अंदाज बांधणं थांबवलं नाही. डायपरच्या जाहिरातीशेजारी गवत कापायच्या यंत्राची जाहिरात छापली, म्हणजे सगळं सहजच आलं आहे असं वाटावं.

शेजारच्या बैलाचे दात मोजण्यासारखंच हे. फक्त आता ते विकणारा मोजतो आहे. रुमाल गिऱ्हाइकाच्या हातावरून उचलून विक्रेत्याने आपल्या हातावर टाकला आहे. त्याला आपली गरज दिसते, ती दिसते हे आपल्याला दिसत नाही. अडला हरी कोणाचे पाय धरणार आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं. माझी खरी तक्रार निरोपांच्या त्रासाबद्दल नाहीच. नको असलेले निरोप पुसता येतात. भाव ठरतानाचा तोल बिघडला आहे, तो पुसता येत नाही.

आणखी एक, थोडं बाजूचं. चाहुलीवर जगणारी विक्री फक्त पिकलेलं तोडते. लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर घेऊन उभे राहिले तेव्हा बाजारात चाहूल शून्य होती. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती, आणि पहिले नांगर विकायला जवळपास दोन वर्षं गेली. कुठल्याही स्कोअरिंगने त्यांना सांगितलं असतं, हा माल सोडा. पुढे १९२० साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं ते कारखान्याची आणि मालाची खबर गिऱ्हाइकापर्यंत पोचवायला. म्हणजे कोण काय वाचतंय याचा माग न काढता आधी वाचायला काहीतरी दिलं. सगळ्यांनी असंच करावं असा माझा आग्रह नाही. भोसरीत दोन वर्षं वाट बघायला बँक थांबत नाही.

मित्राने यंत्र काढून टाकलं नाही. काढावं असं मीही म्हटलं नसतं. भाव विचारणाऱ्याला अर्ध्या मिनिटात उत्तर अजूनही जातं, रात्रीसुद्धा. चाहुलींची यादी मात्र आता मुलाकडे न जाता सर्व्हिसच्या काकांकडे जाते, छापील कागदावर, कारण त्यांना पडद्यावर वाचायला आवडत नाही. दिवसाला सात-आठ नावं. काका पेनने खुणा करतात: एखाद्याला फोन, तोही "मशीन कसं चाललंय" एवढंच विचारायला, बाकीच्यांसमोर फुली. महिन्याभरात फुल्यांची संख्या निरोपांच्या कितीतरी पुढे गेली.

गेल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा चाकणच्या एका कारखान्याचं नाव तीन आठवडे त्या यादीत येत होतं आणि काकांनी तिन्ही वेळा फुली मारली होती. बघतायत, म्हणाले, विचारतील. मी मित्राला म्हटलं, समज उद्या त्यांनी विचारलं. तीन आठवडे त्यांचा जीव त्या मशीनमध्ये अडकलाय हे तुला ठाऊक आहे. रेट सांगताना ते विसरशील?

तो हसला. मग कपाटातून कामांची वाटणी लिहिलेला एक कागद काढून दाखवला. कोटेशन मुलगा काढतो आणि चाहुलींची यादी मुलाला बघायला मिळत नाही. तसं त्याने सॉफ्टवेअरवाल्याला सांगून बंद करून घेतलं आहे. जो भाव ठरवणार त्याला गरज दिसायची नाही, आणि ज्याला गरज दिसते त्याच्या हातात भाव नाही. मुलाला हे मुळीच पटलेलं नाही. आम्ही बोलत होतो तेव्हा तो शेजारच्या टेबलावर होता, आणि काकांच्या कागदाकडे मान वाकडी करून बघत होता.